केबल मोडेमच्या नव्या फर्मवेअरची चाचणी: आधीची नोंद, नंतरची तुलना आणि मधले सापळे

वायफाय राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, आपण स्वतः उतरवतो, ॲडमिन पानावरून चढवतो आणि नाही पटले तर जुने परत टाकतो. केबल मोडेमचे तसे नाही. तो डॉक्सिस या मानकावर चालतो आणि चालू होताना पुरवठादाराच्या सर्व्हरवरून एक कॉन्फिग फाइल घेतो. त्या फाइलमध्ये लिहिलेले फर्मवेअर आपल्याजवळच्यापेक्षा वेगळे असेल, तर मोडेम ते उतरवतो, त्यावरची डिजिटल सही तपासतो आणि रीस्टार्ट होतो. दुसरी वाट एसएनएमपीची, म्हणजे उपकरणे दुरून हाताळण्याच्या पद्धतीची: पुरवठादार चालू मोडेमला थेट आदेश देतो. दोन्ही वाटांवर घरच्या माणसाला बटण नाही. मोडेम स्वतः विकत घेतलेला असला तरीही नाही.

घरी करता येण्यासारख्या गोष्टी दोनच: पुरवठादाराने चाचणीसाठी नावे मागवली तर आपले नाव देणे, आणि नवे फर्मवेअर येण्याआधी व आल्यानंतर एकाच पद्धतीने मोजमाप करणे. सही मोडून ‘सुधारित’ फर्मवेअर घालण्याच्या वाटा नेटवर सापडतात. तिकडे फिरकू नका. मोडेम कायमचा निकामी होऊ शकतो, पुरवठादार जोडणी तोडू शकतो आणि अनेक ठिकाणी तो सेवेच्या चोरीचा गुन्हा ठरतो.

ही मेहनत कशासाठी, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. इंटेलच्या प्यूमा ६ चिपसेटवरच्या मोडेमांत वेग पूर्ण मिळत असूनही दर काही सेकंदांनी विलंब अचानक शेकडो मिलिसेकंदांवर उडायचा. ही गोष्ट २०१६ च्या अखेरीस चव्हाट्यावर आली ती वापरणाऱ्यांच्या मोजमापांमुळे, आणि दुरुस्ती फर्मवेअरमधूनच यावी लागली. जानेवारी २०२० मध्ये ब्रॉडकॉम चिपच्या मोडेमांतली ‘केबल हॉन्ट’ ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. तिलाही उपाय होता तो नवे फर्मवेअर हाच.

मोडेमची ओळख

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता उघडा (टाइप करताना आकडे रोमन लिपीतले). बहुतेक केबल मोडेमांचे स्थितीपान इथेच असते, मोडेम ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम बंद, फक्त मोडेम) असला तरी. मोडेम व राउटर एकाच डब्यात असेल तर त्याच्या नेहमीच्या ॲडमिन पत्त्यावर जावे लागू शकते. पानावरून हे उतरवून घ्या: मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती, फर्मवेअरचे पूर्ण नाव, डॉक्सिस आवृत्ती, कॉन्फिग फाइलचे नाव दिसत असेल तर तेही, अपटाइम (रीस्टार्टपासूनचा चालू वेळ), डाउनस्ट्रीम (आपल्याकडे येणाऱ्या) व अपस्ट्रीम (आपल्याकडून जाणाऱ्या) चॅनलांचे तक्ते आणि संपूर्ण इव्हेंट लॉग. फर्मवेअरचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहा. कित्येकदा फरक फक्त शेपटातल्या दोन आकड्यांत असतो. पानाचा स्क्रीनशॉट ठेवाच, पण मजकूरही कॉपी करून ठेवा. आकडे नंतर स्प्रेडशीटमध्ये घालायचे आहेत.

चिपसेट कोणता हे पानावर सहसा दिसत नाही. मॉडेलच्या नावावरून शोधा. एकाच मॉडेलच्या दोन हार्डवेअर आवृत्त्यांत चिपसेट वेगळा असू शकतो, म्हणून डब्याखालचे लेबलही वाचा.

सिग्नल धड नसेल तर चाचणी सुरूच करू नका

खराब तारेवर घेतलेली फर्मवेअरची चाचणी कितीही काटेकोर असली तरी तिच्यातून काही ठरत नाही. डाउनस्ट्रीम पॉवरला मानकात उणे १५ ते अधिक १५ डीबीएमव्ही (सिग्नलच्या ताकदीचे एकक) इतकी मुभा आहे, पण चाचणीसाठी उणे ७ ते अधिक ७ च्या आत असलेली बरी. २५६-क्वाम (डाउनस्ट्रीमची नेहमीची संकेतपद्धत) चॅनलांवर एसएनआर, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांतले अंतर, ३३ डीबी किंवा वर हवा. अपस्ट्रीम पॉवर साधारण ३५ ते ४९ डीबीएमव्ही असावी. चार अपस्ट्रीम चॅनल एकत्र वापरणारा डॉक्सिस ३.० मोडेम ५१ च्या आसपास पोचला की त्याची ताकद संपत आली असे समजा, ३.१ मोडेमांची मर्यादा वेगळी असते.

त्याखाली ‘करेक्टेबल’ आणि ‘अनकरेक्टेबल’ असे दोन रकाने असतात. पहिल्यातल्या चुका मोडेमने स्वतः सुधारलेल्या असतात, दुसऱ्यातल्या सुधारता न आल्यामुळे पॅकेट गेलेले असते. डॉक्सिस ३.१ च्या ओएफडीएम नावाच्या रुंद चॅनलवर करेक्टेबलचा आकडा डोळे दिपतील इतका मोठा दिसतो. त्याची चिंता नको, चुका सुधारण्याची तिथली एलडीपीसी पद्धत तशीच चालते. लक्ष अनकरेक्टेबलवर ठेवा, तेही एकूण आकड्यावर नव्हे तर तासाभरात तो किती वाढला यावर.

आकडे बाहेर असतील तर आधी जोड पाहा. एफ कनेक्टर हाताने पूर्ण बसवून ११ मिलिमीटर पान्याने आणखी एक-षष्ठांश फेरा द्या, त्याहून जास्त नको. मोडेमच्या बाजूचे आटे आतून सुटतात. वापरात नसलेले स्प्लिटर काढा: दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साधारण ३.५ डीबी खातो. यानंतरही सुधारले नाही तर तंत्रज्ञाला बोलवा आणि फर्मवेअरचा विषय तूर्त बाजूला ठेवा. चाचणी एकदा सुरू झाली की मात्र केबलला हात लावायचा नाही.

मोजमापाची मांडणी

लागते ते इतकेच: गिगाबिट पोर्टचा संगणक, धड कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल, पिंग (उत्तराला लागणारा वेळ मोजणारा) व ट्रेसरूट (वाटेतले टप्पे दाखवणारा), आयपर्फ३ (वेग व गळती मोजणारे साधन) आणि एक स्प्रेडशीट. वायफायवरून मोजू नका. रेडिओमुळे होणारा चढउतार आपण शोधत असलेल्या फरकापेक्षा मोठा असतो. गिगाबिट पोर्टवर टीसीपीचा खरा वेग ९४० एमबीपीएसच्या आसपास थांबतो. योजना त्याहून मोठी असेल तर २.५ गिगाबिटचे पोर्ट लागेल, नाहीतर मोजला जाईल तो पोर्टचा वेग.

राउटर ठेवायचा की काढायचा? शक्य असेल तर संगणक थेट मोडेमला जोडा. बरेच मोडेम सुरू झाल्यावर पहिल्या उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) धरून बसतात, म्हणून जोडणी बदलल्यावर मोडेम रीस्टार्ट करावा लागतो. थेट जोडलेला संगणक उघड्या इंटरनेटवर असतो. त्याची फायरवॉल चालू असल्याची खात्री करा. घरात सतत इतरांचे काम चालू असल्यामुळे हे जमणार नसेल तर राउटर ठेवा, पण आधी आणि नंतर तोच, त्याच फर्मवेअरवर, त्याच सेटिंग्जसह. राउटरवर एसक्यूएम किंवा क्यूओएस (वाहतुकीचा क्रम लावणारी सोय) असेल तर मोजताना ते बंद हवे. ते रांग स्वतःकडे ओढून घेते आणि मोडेमची रांग कशी वागते हे कळतच नाही.

संगणकावर व्हीपीएन, क्लाउड बॅकअप, सिस्टिम अपडेट आणि नेटवर्क कार्डाची वीजबचत बंद ठेवा.

आधीची नोंद, आणि सर्वांत मोठा सापळा

नवे फर्मवेअर आले की मोडेम रीस्टार्ट होतो. रीस्टार्टने सगळे काउंटर शून्यावर येतात, मेमरी मोकळी होते, मोडेम नव्याने चॅनल निवडतो. अपडेटनंतर दुसऱ्या दिवशी ‘आता फार छान चालते’ असे अनेकांना वाटते, आणि त्यातले किती श्रेय फर्मवेअरचे व किती रीस्टार्टचे हे कोणालाच सांगता येत नाही. जुन्या फर्मवेअरच्या चाळीस दिवसांच्या अपटाइमची तुलना नव्याच्या एका दिवसाशी केली तर जवळपास प्रत्येक फर्मवेअर पास होते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो टाळू नये. जुन्या फर्मवेअरवरच मोडेम मुद्दाम रीस्टार्ट करा, तीस मिनिटे स्थिर होऊ द्या आणि मग सात दिवस नोंद घ्या. नव्या फर्मवेअरनंतरही तसेच: तीस मिनिटे थांबा, मग सात दिवस. आता दोन्ही बाजू एकाच रेषेवरून सुटतात.

सात दिवसच का? केबलची तार परिसरात वाटलेली असते आणि संध्याकाळी सगळे एकदम जोडले जातात. बुधवारी सकाळचा आकडा शनिवारी रात्रीच्या आकड्यासमोर ठेवण्यात अर्थ नाही. रोज तीन वेळा ठरवा, उदाहरणार्थ पहाटे ५, दुपारी २ आणि रात्री ९, आणि वार व वेळ जुळवूनच तुलना करा. पहाटेचा आकडा मोडेमबद्दल सांगतो, रात्रीचा बराचसा तारेवरच्या गर्दीबद्दल.

चाचण्या

१. रिकाम्या जोडणीवरचा विलंब. ट्रेसरूट चालवून मोडेमपलीकडचा पहिला टप्पा शोधा. तो बहुतेकदा सीएमटीएस, म्हणजे परिसरातले मोडेम ज्याच्याशी बोलतात ते पुरवठादाराकडचे यंत्र. तीन ठिकाणी एकाच वेळी पिंग लावा: मोडेमचा १९२.१६८.१००.१, हा पहिला टप्पा, आणि बाहेरचा एखादा स्थिर पत्ता, जसे १.१.१.१. लिनक्स किंवा मॅकवर अंतर ०.२ सेकंद आणि संख्या ३००० द्या, म्हणजे दहा मिनिटांची नोंद होते. विंडोजच्या पिंगमध्ये अंतर एका सेकंदाहून कमी करता येत नाही. तिथे ६०० घ्या किंवा वेगळे साधन वापरा. बारीक अंतर हवेच, कारण क्षणभर उडणारा विलंब सेकंदाच्या फटीतून सहज निसटतो.

तीन पत्ते एकत्र वाचायचे असतात. बाहेरचा पत्ता उडाला आणि पहिला टप्पा शांत असेल तर दोष मोडेमचा नाही. पहिला टप्पा उडतो पण त्याच क्षणी बाहेरचा शांत आहे, याचा अर्थ सीएमटीएस पिंगला उत्तर देण्यात आळस करतो आहे. तो मोडेमचा गुन्हा समजू नका. फक्त मोडेमचे स्वतःचे उत्तर उशिरा येत असेल तर त्याचा प्रोसेसर गुंतला आहे, पण पॅकेट पुढे नेण्याचे काम कदाचित ठीक चालले आहे.

सरासरी पाहू नका. मूळ विलंब १० मिलिसेकंद आहे आणि ३००० पैकी ६० पिंग २०० वर गेले असे धरा: सरासरी १४ च्या आतच राहते आणि सगळे आलबेल दिसते, पण खेळात किंवा कॉलमध्ये ते साठही झटके जाणवतात. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि १५०० वा, २८५० वा आणि २९७० वा आकडा लिहा, म्हणजे मध्यक, ९५ वा आणि ९९ वा शतमान. शिवाय ५० मिलिसेकंदांवर किती गेले ती संख्या. पाच-दहा मिलिसेकंदांची थरथर डॉक्सिसच्या रचनेतच आहे. मोडेमला वर काही पाठवायचे तर आधी जागा मागावी लागते आणि परवानगीची वाट पाहावी लागते. ती फर्मवेअरच्या माथी मारू नका.

२. टीसीपी आणि यूडीपी वेगळे मोजा. चाचणीचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. वेब व डाउनलोड बहुधा टीसीपी ही पद्धत वापरतात, खेळ व कॉल बहुधा यूडीपी. पिंग मात्र आयसीएमपी ही तिसरीच पद्धत वापरतो, आणि उपकरणाच्या आत आयसीएमपीची वाट बाकी वाहतुकीपेक्षा वेगळी असू शकते. फर्मवेअरने तेवढीच वाट सुधारली तर पिंगचा आलेख आरशासारखा होतो आणि खेळ मात्र पूर्वीसारखाच अडखळतो. टीसीपीसाठी एखाद्या सर्व्हरच्या ४४३ पोर्टवर जोडणी जुळायला लागणारा वेळ मोजा. एनपिंग किंवा एचपिंग३ हे करते. यूडीपीसाठी दर सेकंदाला एक डीएनएस प्रश्न, नाव दर वेळी तेच, म्हणजे उत्तर सर्व्हरच्या स्मृतीतून येते आणि शोधाचा वेळ मिसळत नाही. दहा मिनिटे पुरतात. सार्वजनिक सर्व्हरवर याहून घाई करू नका, ते उत्तरे रोखतात आणि तुमच्या तक्त्यात ती गळती म्हणून दिसते.

बाहेर स्वतःचा सर्व्हर असेल तर आयपर्फ३ यूडीपी मोडमध्ये १ एमबीपीएस दराने, २०० बाइटच्या पॅकेटांनी दहा मिनिटे चालवा. सेकंदाला ६२५ पॅकेटे होतात. जिटर (विलंबातली थरथर) आणि गळती दोन्ही मिळतात. एकदा वरच्या दिशेने, एकदा उलट पर्याय देऊन खालच्या दिशेने. लहान पॅकेट मुद्दाम घ्यायची. मोडेमचा घाम पॅकेटांच्या संख्येने निघतो, आकाराने नव्हे.

३. भाराखालचा विलंब. पिंग चालू ठेवून साठ सेकंद फक्त अपलोड, साठ सेकंद फक्त डाउनलोड, साठ सेकंद दोन्ही. प्रत्येकी चार समांतर प्रवाह. मध्ये तीस सेकंद विश्रांती. अपलोडच्या वेळी विलंब १० वरून ५०० किंवा १००० वर जात असेल तर मोडेमच्या रांगेत पॅकेटे साचत आहेत. डॉक्सिस ३.१ मोडेमांत ही रांग आवरणारी ‘पाय’ (पीआयई) नावाची पद्धत सक्तीची आहे आणि तिचे मूळ लक्ष्य १० मिलिसेकंद आहे. ती चालू असेल तर वाढ दोन आकडी मिलिसेकंदांतच राहते. नव्या फर्मवेअरने खरा सुखद बदल झाला असेल तर तो बहुधा याच तक्त्यात दिसतो. तो बिघडलेलाही इथेच दिसतो, कारण अपडेटसोबत आलेल्या नव्या कॉन्फिग फाइलमध्ये ही पद्धत बंद झालेली असू शकते.

४. वेग. वरच्या चाचणीतच तो मिळतो. तीन धावांचा मधला आकडा घ्या.

५. आठवडाभराचा टिकाव. रोज एकदा लॉग, अपटाइम आणि अनकरेक्टेबलची वाढ उतरवा. लॉगमध्ये टी३ म्हणजे मोडेमने रेंजिंगची (सीएमटीएसशी वेळ व ताकद जुळवण्याची) हाक मारली आणि २०० मिलिसेकंदांत उत्तर आले नाही. आठवड्यात एखाद-दुसरा चालतो. सलग सोळा झाले की मोडेम पुन्हा नोंदणीला लागतो. टी४ अधिक गंभीर: सुमारे तीस सेकंद मोडेमला बोलण्याची संधीच मिळाली नाही. लॉगमध्ये १९७० सालच्या १ जानेवारीच्या नोंदी दिसल्या तर दचकू नका. रीस्टार्टनंतर घड्याळ जुळण्याआधीच्या त्या आहेत, आणि मोडेम केव्हा रीस्टार्ट झाला याची उत्तम खूण आहेत. स्थितीपान उघडायला किती सेकंद लागतात तेही लिहा. मेमरी गळणारे फर्मवेअर पहिल्या दिवशी चोख असते, पाचव्या-सहाव्या दिवशी पान रेंगाळू लागते.

अपडेटच्या दिवशी

आदल्या दिवशी सगळ्या सेटिंग्ज कागदावर घ्या: ब्रिज मोड, वायफायचे नाव व पासवर्ड, पोर्ट फॉरवर्डिंग, डीएचसीपी आरक्षणे, डीएनएस. अपडेटमध्ये एकत्रित डबे मूळ सेटिंग्जवर जाण्याची शक्यता असते आणि ब्रिज मोड सुटला की एकावर एक दोन राउटर चालू होतात. मग भलताच दोष शोधण्यात दिवस जातो.

अपडेट चालू असताना दिवे विचित्र लुकलुकतात आणि इंटरनेट जाते. वीज काढू नका. पंधरा-वीस मिनिटे थांबण्याची तयारी ठेवा. वीज जाण्याचा धोका असेल तर मोडेम यूपीएसवर लावा. नंतर लॉगमध्ये ‘एसडब्ल्यू डाउनलोड इनिट’ आणि ‘एसडब्ल्यू डाउनलोड सक्सेसफुल’ अशा नोंदी शोधा. ‘व्हाया कॉन्फिग फाइल’ की ‘व्हाया एनएमएस’ (एसएनएमपीची वाट) हेही तिथेच लिहिलेले असते, म्हणजे अपडेट कोणत्या वाटेने आला ते कळते. ‘इम्प्रॉपर कोड फाइल’ अशी नोंद असेल तर मोडेमने ती फाइल नाकारली आहे आणि तो जुन्याच फर्मवेअरवर आहे. आवृत्तीचे नाव डोळ्यांनी तपासल्याशिवाय ‘नंतरची’ नोंद सुरू करू नका.

पहिल्याच दिवशी एक फेरी कामकाजाची: आयपीव्ही६ मिळते का आणि प्रीफिक्सचा (मिळालेल्या पत्त्यांच्या गटाचा) आकार तोच आहे का, प्रत्येक लॅन पोर्ट पूर्वीच्याच वेगावर जुळतो का, पोर्ट फॉरवर्डिंग बाहेरून लागते का, ॲडमिन पासवर्ड तोच आहे की कारखान्यातला झाला आहे, ॲडमिन पान बाहेरच्या जगातून उघडत तर नाही ना. मोडेमला फोन जोडलेला असेल तर येणारा आणि जाणारा दोन्ही कॉल करून पाहा. नुसता डायल टोन ऐकून थांबू नका, कारण बिघाड बहुधा येणाऱ्या कॉलमध्ये असतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही.

निकाल वाचताना

आधी चॅनलांचे तक्ते शेजारी ठेवा. चॅनलांची संख्या, त्यांच्या फ्रिक्वेन्सी आणि कॉन्फिग फाइलचे नाव तेच असेल तरच बाकीची तुलना सरळ आहे. आठ अपस्ट्रीम चॅनलांचे चार झाले आणि संध्याकाळचा अपलोड पडला, तर तो फर्मवेअरचा दोष नसूही शकतो. मोडेम रीस्टार्ट करून पुन्हा आठ मिळतात का ते पाहा. पॉवरचा आकडा सगळ्या चॅनलांवर सारखाच एक-दीड डीबीने सरकला आणि एसएनआर व चुका जागच्या जागी असतील, तर नव्या फर्मवेअरने मोजण्याचे कॅलिब्रेशन बदलले असण्याचीही शक्यता आहे.

मग ९९ वे शतमान, पहाटेचे. सात पहाटे आधीच्या, सात नंतरच्या. आधीच्या सात दिवसांत हा आकडा आपापसात जितका हलतो, त्याहून मोठा फरक दिसला तरच त्याला फरक म्हणा. आधी १८ ते ३१ च्या दरम्यान फिरणारा आकडा नंतर २६ आला, तर काही बदललेले नाही. तो सातही दिवस १४ च्या आत राहिला, तर बदल खरा आहे. पिंग सुधारला पण यूडीपी तसाच राहिला, तर ‘आयसीएमपी सुधारले’ एवढेच लिहा, ‘विलंब सुधारला’ असे नव्हे.

बिघडले तर, आणि कळवताना

फॅक्टरी रीसेटने जुने फर्मवेअर परत येत नाही. फक्त तुमच्या सेटिंग्ज पुसल्या जातात. मागे नेणे पुरवठादारालाच शक्य असते, म्हणून चाचणी गटात नाव देण्याआधीच विचारा की परत फिरण्याची सोय आहे का, कोणाला कळवायचे आणि किती वेळ लागतो. घरून काम किंवा वैद्यकीय उपकरण याच जोडणीवर असेल आणि दुसरी जोडणी नसेल, तर गटात जाऊ नका.

कळवताना ‘नेट हळू आहे’ हे वाक्य कोणाच्याही उपयोगाचे नाही. मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती, जुन्या व नव्या फर्मवेअरची पूर्ण नावे, अपडेटची वेळ, जोडणी थेट की राउटरमधून, दोन्ही आठवड्यांचे तिन्ही शतमान, भाराखालच्या चाचणीचे आकडे, लॉगमधल्या संबंधित ओळी आणि दोष पुन्हा घडवून आणण्याची नेमकी कृती, इतके असेल तर अभियंत्याला कामाला लागता येते. लॉग आणि स्क्रीनशॉट कोणाला दाखवण्याआधी त्यातला मॅक पत्ता, अनुक्रमांक, सार्वजनिक आयपी आणि खात्याचा क्रमांक झाका. मॅक पत्ता लॉगच्या जवळपास प्रत्येक ओळीत दोनदा येतो: एक मोडेमचा, एक सीएमटीएसचा. मोडेमचा झाका, सीएमटीएसचा पुरवठादाराला पाठवताना ठेवा. आपल्याच परिसरातल्या इतर तक्रारींशी ताडून पाहायला त्यांना तो लागतो.